इस्त्री आणि मांजर

माझी नणंद बावीस वर्षं कुस्ती खेळली. पहिली अकरा वर्षं ती हरली आणि पुढची अकरा वर्षं विजेतेपदाचा पट्टा तिच्या कमरेला होता. दुसऱ्या कुठल्याही बाईकडे तो चार वर्षांच्या वर टिकलेला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. कुस्ती भरवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर यादी लावलेली आहे, तिच्यात ते लिहिलेलं आहे. मी तिची वहिनी. तिचे सगळे पोशाख मी शिवले. तिच्या अंगाची मापं तिच्यापेक्षा मला जास्त पाठ होती आणि ती कधी, कशामुळे बदलली तेही मला माहीत असायचं.

ही कुस्ती मातीतली नव्हे. चौकोनी रिंग, चार खांब, तीन पदरी दोर, खाली फळ्या आणि फळ्यांवर नावापुरती गादी. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असायचं. लोक नुरा कुस्ती म्हणून नाकं मुरडायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन पहिली रांग धरायचे. नणंद म्हणायची, "कोण पडणार ते ठरलेलं असतं वहिनी, पण पडावं खरंच लागतं."

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि लाँड्रीत कामाला होती. आमचे हे तिथेच बॉयलरवर होते. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. तीन हॉस्पिटलं आणि दोन हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे असं सगळं तिथे यायचं. धुण्याच्या यंत्रातून ओल्या चादरींचा गोळा उपसून पिळायच्या यंत्रात टाकायचा, हे नणंदेचं काम. त्याला दोन बायका लागत. ही एकटी करायची, कारण जोडीदारीण अखंड बडबडायची आणि हिला ते सहन व्हायचं नाही.

वस्ताद तिथे तालमीतले टॉवेल टाकायला यायचे. बसका बांधा, मान जवळजवळ नाहीच, कान चुरगळलेले आणि बोलणं मात्र लोण्यासारखं. एके दिवशी ते टॉवेलांची पिशवी हातात धरून बराच वेळ तिचं काम बघत उभे राहिले.

"किती वजन आहे गं त्या गोळ्याचं?"

"मोजायला वेळ कुणाला आहे?"

"आणि खाली ठेवलास तेव्हा आवाज कसा नाही आला?"

तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं. "आदळला तर घाण पाणी अंगावर उडतं."

"उद्या दुपारी तालमीत ये," वस्ताद म्हणाले. "उचलणाऱ्या पुष्कळ भेटतात मला. नीट ठेवणारी भेटत नाही."

घरी ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "चड्डी घालून चारचौघांत लोळणार? लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते तिकीट काढून म्हणतील," नणंद म्हणाली.

मी मधे पडले नाही. फक्त विचारलं, चड्डी कोण शिवणार. त्यावर हे ताटावरून उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि भाजी गार व्हायच्या आत परत येऊन बसले. परवानगी मिळाली ती अशी.

सहा महिने वस्तादांनी तिला फक्त पडायला शिकवलं. पाठीवर, कुशीवर, तोंडावर. हनुवटी छातीला टेकलेली, तळवे सपाट, श्वास बाहेर. घरी येऊन ती पलंगावर पालथी पडायची आणि मी तिच्या पाठीवर गरम पाण्याची पिशवी फिरवायचे. माकडहाडापासून मानेपर्यंत निळा पट्टा उमटलेला असायचा. एकदाही ती "नको झालं" म्हणाली नाही. लाँड्रीतल्या कामाबद्दल मात्र रोज म्हणायची.

नाव मालकांनी ठेवलं. मालक म्हणजे कंपनीचे मालक, आधी थिएटर चालवायचे. माणूस वाईट नव्हता, पण कुणाच्याही तोंडाकडे बघितलं की पोस्टरवर ते कसं दिसेल याचाच विचार करायचा. त्यांनी हिला विचारलं, "कुठून आलीस?"

"लाँड्रीतून."

"झालं तर मग. इस्त्री."

"तरी बरं, स्त्री तरी राहू दिलीत," वस्ताद म्हणाले. हा विनोद त्यांना इतका आवडला की पुढे हयातभर ते तो भेटेल त्याला ऐकवत राहिले.

मी तिला काळपट राखाडी पोशाख शिवला आणि कमरेला मागून लाल दोरी सोडली, इस्त्रीच्या वायरसारखी. उंच, खांद्यांनी रुंद, आणि हसली तर एकाच बाजूने. मालकांनी पहिल्याच दिवशी ठरवलं की हिला लोकांनी शिव्या घालायच्या. तिचा शेवटचा डावही ठरला. समोरचीला आडवी करायची, तिच्यावर पूर्ण अंगाने झोपायचं आणि वरून खाली दाबत न्यायचं. प्रेक्षक आधीपासूनच ओरडायला लागायचे, "सपाट! सपाट!" डाव दिसायला भयंकर होता. प्रत्यक्षात सगळा भार ती स्वतःच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर घ्यायची. खालच्या बाईच्या अंगावर तिच्या पोशाखाचंसुद्धा वजन पडत नसे. म्हणूनच सगळ्या जणी तिच्याशी खेळायला एका पायावर तयार असत.

मांजर तिसऱ्या वर्षी आली. हिच्याहून दोन वर्षांनी लहान. उंचीने माझ्या खांद्याला लागायची. आधी पोहण्याच्या तलावावर उंच फळीवरून सूर मारायला शिकवायची. ती खांबावर चढायची, लोकांकडे पाठ करायची आणि हवेत एक कोलांटी घेऊन खाली यायची. खाली इस्त्री दोन्ही हात पसरून उभी. झेलायचं, फिरवायचं आणि आदळल्यासारखं करून अलगद ठेवायचं. मांजरीला पडताना कुणी पाहिलं नव्हतं, ती उतरायची.

त्या उडीसाठी दोघींची एक खूण होती. मांजर वर चढली की इस्त्री डावा अंगठा मुठीत दाबायची. म्हणजे, मी तयार आहे, ये. अंगठा बाहेर असेल तर मांजर नुसतंच वर उभं राहून लोकांना हात करून उतरायची. मला ती खूण माहीत होती, कारण आमच्या स्वयंपाकघरातच ती ठरली.

कंपनीचा कडक नियम होता की रिंगमधल्या भल्या आणि वाईट बाया चारचौघांत एकत्र दिसायच्या नाहीत. प्रवासाला गाड्याही वेगळ्या. त्यामुळे मांजर आमच्याकडे यायची ती मागच्या जिन्याने, धुवायच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून दोघी पुढचा सामना बसवायच्या. मांजर एवढीशी असून चार माणसांचं जेवायची. हे तिच्याकडे बघत म्हणायचे, "हिला झेलण्यापेक्षा हिला पोसणं अवघड आहे." आणि पातेलं तिच्यापुढे सरकवायचे.

अशा त्या तीनशेच्या वर सामने एकमेकींशी खेळल्या. पस्तिसाव्या वर्षी इस्त्रीला पट्टा मिळाला, तोही मांजरीला हरवूनच. तोवर वस्ताद थकले होते, तरी काठी टेकत आले. नणंदेने घरी आणून पट्टा टेबलावर ठेवला, त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, हा पोटाला बोचतो. आतून काहीतरी मऊ लावून दे."

लग्नाचं विचारायला या काळात तिघे जण आले. दोघांनी तिचा सामना पाहिला आणि ते पुन्हा फिरकले नाहीत. तिसरा सामना पाहूनही आला. त्याला तिनेच नको म्हटलं.

पट्ट्याच्या आठव्या वर्षी मालकांनी मोठं स्टेडियम घेतलं. नऊ हजार खुर्च्या, टीव्हीचे कॅमेरे. इस्त्री विरुद्ध मांजर. एक त्रेचाळीस वर्षांची आणि एक एक्केचाळीस. एवढा मोठा सामना पुन्हा वाट्याला येणार नाही हे दोघींना कळत होतं आणि तसं कुणी बोलत नव्हतं.

तीन आठवडे आधी नणंद पोशाख घेऊन माझ्याकडे आली. "उजव्या खांद्याला आतून रुंद इलॅस्टिक लाव. बाहेरून दिसता कामा नये."

"काय झालंय?"

"काही नाही. आधार बरा वाटतो."

मी टेप घेतली आणि तिला हात वर करायला सांगितला. डावा सरळ वर गेला. उजवा कानाच्या पाळीपाशी येऊन थांबला. तिने मान वाकडी करून तो पोचल्यासारखं दाखवलं. वीस वर्षं तिची मापं घेतलेल्या बाईला ते दिसणार नाही असं तिला कसं वाटलं कोण जाणे.

"डॉक्टरला दाखव," मी म्हटलं.

"दाखवलं तर सामना जाईल. झाल्यावर दाखवते."

मी इलॅस्टिक लावलं. चार पदरी, दुहेरी टाके घालून. ह्यांनाही सांगितलं नाही.

सामन्याला आम्ही दोघं सातव्या रांगेत होतो. अठरा मिनिटं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मांजर खांबावर चढली. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं, नणंदेच्या डाव्या हाताकडे होतं. तिने थोडा वेळ घेतला, एरवीपेक्षा एखाद्या श्वासाइतका जास्त. मग अंगठा मुठीत गेला.

मांजर आली. डावा हात तिच्या कमरेखाली बरोबर गेला. उजवा निम्म्यावर सुटला. मांजर डोक्यावर पडली. आवाज फळ्यांचाच झाला, रोजच्यासारखा. मागच्या रांगांना काही वेगळं घडलंय असं वाटलं नसणार.

नणंद लगेच तिच्यावर झोपली. नऊ हजार माणसं "सपाट! सपाट!" म्हणून उठून उभी राहिली. पंचाने तीन आकडे मोजले, घंटा वाजली, पण नणंद उठेना. दोन्ही कोपरं मांजरीच्या डोक्याच्या दोन बाजूंना, तळवे मानेखाली, तोंड तोंडाजवळ. पंचाला तेव्हा कळलं आणि त्याने डॉक्टरसाठी हात वर करून फुली केली. लोकांना कळलं नाही. आधी ते हसले, मग हुर्यो करू लागले आणि मग कागदी पेले येऊन पडायला लागले. एक चप्पल तिच्या पाठीवर बसली. ती हलली नाही. स्ट्रेचर यायला सहा मिनिटं लागली, तोवर ती तशीच होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर ह्यांना म्हणाले, त्या सहा मिनिटांत कुणी इस्त्रीला ओढून उठवलं असतं आणि ती मान हलली असती, तर मांजर पुन्हा चालली नसती.

त्या सहा मिनिटांत काय बोलणं झालं ते मांजरीने मला नंतर सांगितलं. "विचारत होती, पायाची बोटं हलतात का. मी म्हटलं, हलतात. परत विचारलं. चाळीस वेळा विचारलं असेल. शेवटी मी म्हटलं, गप बस गं, लोक ऐकतील."

मांजरीच्या मानेतले दोन मणके जोडावे लागले. पाय शाबूत राहिले. डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच. खेळणं संपलं.

तिसऱ्या दिवशी मालकांनी नणंदेला ऑफिसात बोलावलं. मी सोबत होते. मालकांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, हे सांगायला हवं. डोळे पुसून ते म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. पण लोकांनी काय पाहिलं? इस्त्रीने मांजरीची मान मोडली आणि वर तिच्यावर झोपून राहिली. आपण खोटं काही बोलायचं नाही. काहीच बोलायचं नाही, बस."

"मांजरीला विचारलंत?"

"तिनेच सांगितलं. म्हणाली, इस्त्रीने पट्टा सोडला तर मी हरले कुणाकडून?"

पुढच्या महिन्यात पोस्टरवर नावाआधी एक शब्द वाढला: मानमोडी इस्त्री.

बेकरीवाली आम्हाला बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायला लागली. आमच्या दारावर कुणीतरी काळा रंग फेकला. तो खरवडून काढताना खालच्या मजल्यावरचा माणूस काहीतरी बोलला, आणि ज्यांना बहिणीने चड्डी घातलेली चालत नव्हती ते आमचे हे त्याच्या अंगावर धावून गेले. शर्ट फाडून घेऊन वर आले.

"मुद्दाम केलं नाही तिने, एवढंच सांगत होतो," ते मला म्हणाले.

नणंद जेवत होती. म्हणाली, "दादा, तुला कुणी सांगितलं बोलायला?"

"मग काय ऐकून घेऊ?"

"ऐकून घे. सगळंच काही खोटं नाही ते."

ह्यांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, आणि मी फाटका शर्ट घेऊन मशीनवर जाऊन बसले.

मांजर सात आठवड्यांनी घरी आली. आम्ही तिला भेटायला गेलो. चौथा मजला, मागचा जिना, कारण नियम तोच होता. तिच्या बहिणीने दार उघडलं आणि तशीच आत निघून गेली. मांजर खिडकीशी ताठ खुर्चीत बसली होती. गळ्याला हनुवटीपर्यंत पट्टा. मान वळत नव्हती, म्हणून कुणाकडे बघायचं तर सगळं अंग वळवायची.

नणंद बसलीच नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "माझा खांदा आधीच गेला होता. तीन आठवड्यांपासून. मी कुणाला सांगितलं नाही. आणि तरी अंगठा दाबला."

मांजर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माहीत होतं मला."

"कसं?"

"तालमीत मला डावीकडे वळून झेलत होतीस. कधी नाही ते पाय बदलत होतीस. आंधळी आहे का मी? बोलले असते तर सामना गेला असता. मलाही तो हवा होता."

आतल्या खोलीत बहीण भांडी आपटत होती. मी म्हटलं, "खांद्याचं इलॅस्टिक मी शिवलं."

मांजर खुर्चीसकट माझ्याकडे वळली. "हे मात्र मला माहीत नव्हतं, वहिनी."

त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मग तू मला माफ..." नणंदेने सुरुवात केली.

"माहीत होतं म्हणजे माफ केलं असं नाही," मांजर म्हणाली. तिने डावा हात मांडीवरून उचलून दाखवला. "चहाचा कप राहत नाही यात. रोज सकाळी कप सुटला की वाटतं, उठावं आणि तुझी मान मोडून यावं. दुपारपर्यंत जातं ते."

नणंदेने विचार केला. तिने विनोद म्हणून विचारलं नाही, ते मला पक्कं माहीत आहे. तिने विचारलं, "मग मी दुपारनंतर येत जाऊ का?"

मांजर हसायला लागली आणि गळ्याचा पट्टा धरून कळवळली. "हसवू नको गं बाई. दुखतं."

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी तीनला नणंद तिच्याकडे जायची. चार महिन्यांनी बहीणही तिच्यासाठी कप मांडायला लागली.

खांद्याला डॉक्टरांनी वर्षभर विश्रांती सांगितली, मालकांनी तीन महिने दिले. परत आल्यावर तिने खेळ बदलला. उचलणं बंद, झेलणं बंद. जमिनीलगत खेळायची, हळू, आणि जे करायची ते स्वच्छ. लोकांना त्यात क्रूरपणा दिसायचा. ती रिंगमध्ये आली की असा आवाज उठायचा की पंचाची घंटा ऐकू येत नसे. अशी तीन वर्षं तिने पट्टा राखला. मालकांच्या मते ती तिची सर्वांत मोठी वर्षं होती. तिने मला त्याबद्दल एकच वाक्य सांगितलं, "शिव्या पूर्वी इस्त्रीला बसायच्या, आता मला बसतात." आणि पोशाखाची शिवण सैल करून मागितली.

मधल्या काळात वस्ताद गेले आणि तालीम मांजरीकडे आली. ती खुर्चीत बसून मुलींना शिकवायची. त्यांच्यातली एक आधी सायकलवरून घरोघर टपाल वाटायची, म्हणून तिचं नाव पडलं पोस्टवाली. पायात जोर आणि डोकं थंड. इस्त्री शेहेचाळीस वर्षांची झाली तेव्हा पट्टा पोस्टवालीकडे जाणार हे ठरलं. ते आम्हा सगळ्यांनाच बरोबर वाटलं.

पण मालकांना तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. ते मांजरीच्या घरी आले. मंगळवार होता, म्हणून आम्ही दोघी तिथेच होतो.

"सामना संपला," मालक हात पसरून सांगायला लागले, "इस्त्री हरलीय, गुडघ्यावर बसलीय. दिवे मंद. आणि तू येतेस. सावकाश. लोकांचा श्वास अडकलेला. तू तिच्या डोक्यावर हात ठेवतेस आणि माफ करतेस. नऊ हजार माणसं रडतील."

"ते मी अजून केलेलं नाही," मांजर म्हणाली. "आणि करेन तेव्हा तिकीट लावून करणार नाही."

"अगं, पण खोटं खोटंच करायचंय!"

"मारामारी खोटी करून दिली मी तुम्हाला सतरा वर्षं. हे नाही."

मालकांनी आशेने नणंदेकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझंही एक ऐकून घ्या. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आता बराही व्हायचा नाही. हे डॉक्टरांना, पंचांना आणि पोस्टवालीला मी आजच सांगणार आहे. वरून उडी नाही, झेलणं नाही."

"मग राहिलं काय?"

"मी हरायचं राहिलं. तेवढं होईल."

सामना सात मिनिटं चालला. पोस्टवालीने तिला दोनदा दोरावर फेकलं, तिसऱ्यांदा पायात पाय घालून आडवी केली आणि पंचाने तीन मोजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, पोस्टवालीला खांद्यावर घेतलं. माझ्या मागचा एक माणूस बायकोला म्हणाला, "एवढंच? बावीस वर्षांचं एवढंच?" आणि कोट शोधायला लागला.

पोशाखाच्या खोलीत मांजरीने आधी पोस्टवालीला बसवून तिची मान, खांदे, मनगटं उजव्या हाताने चाचपून पाहिली. मग नणंदेकडे वळली. "दुसऱ्या फेकीला डावा पाय उशिरा आला."

"शेहेचाळीस वर्षांची आहे मी."

"उशिरा आला एवढंच म्हणतेय."

मी लाल दोरी सोडवून घेतली. नणंद स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या काढत होती. तिला एकाच हाताने ते जमत नव्हतं, म्हणून मी खाली बसून काढल्या. ती रडली नाही. फक्त म्हणाली, भूक लागलीय.

त्यानंतर खांद्याची शस्त्रक्रिया झाली. दीड महिना हात झोळीत. आमचे हे तोवर निवृत्त झाले होते, ते तिला वेणी घालायला शिकले आणि वाईट घालायचे. मंगळवारी ती अजूनही मांजरीकडे जाते. माफीचं काय झालं म्हणून मी एकदा न राहवून विचारलं. "सकाळचा राग आता अकरालाच उतरतो म्हणते," एवढं सांगून ती भाजी निवडायला लागली.

पट्टा मिळाल्यावर पोस्टवालीने मालकांना बजावलं की खेळाडूंच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करणारं कुणीतरी सामन्याआधी हवं, नाहीतर मी उतरणार नाही. मालक खूप कुरकुरले आणि मग ते काम इस्त्रीला दिलं. पोशाखाच्या खोलीशेजारी एक लहान खोली आहे. टेबल, दोन खुर्च्या, वजनाचा काटा. सामन्याच्या दिवशी दुपारी ती तिथे बसते. कुणाचं काय उसवलं असेल तर बघायला मी सुईदोरा घेऊन कोपऱ्यात असते. मुली एकेक करून येतात. त्यांच्यापैकी निम्म्या अजून तिला घाबरतात.

परवा एक नवी आली. वीस-एकवीसची, नीट भांग पाडलेली. तिचा पहिला मोठा सामना होता.

"कुठे दुखतंय?" नणंदेने विचारलं.

"कुठेच नाही, ताई."

"बरं. बाहेर जाऊन एक चक्कर मार आणि परत ये."

ती गेली, आली. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. नणंदेने तिला पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा ती दारातच उभी राहिली. नणंदेने घाई केली नाही, नुसती बसून राहिली. मग मुलीने बूट काढून डावा घोटा पुढे केला. तो वांग्यासारखा सुजला होता.

नणंदेने पंचाला बोलावून यादीतून तिचं नाव काढायला सांगितलं. मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. मी तिला रुमाल दिला, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत नणंदेने पुढच्या मुलीला आत घेतलं नाही.